वाघ झोपलेला असू शकतो

दिवाळीची सुट्टी लागली की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या घरांत मुंबईच्या प्राणीसंग्रहालयाचा, म्हणजे राणीच्या बागेचा विषय निघतोच. गाडी बदलायची कटकट नाही, भायखळ्याला उतरायचं आणि चालत जायचं. पण काही घरांत मुलासाठी मिक्सर लावण्याआधी ‘लावते हं’ असं सांगावं लागतं, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कातरून टाकावं लागतं आणि फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या लावून बसावं लागतं. त्या घरांत हाच विषय दबकत निघतो. नेलं तर निभेल का?

निभतं. मात्र ‘एवढ्या लांब आलोय तर सगळं बघूनच जाऊ’ हा विचार घरी ठेवून निघावं लागतं. अशा मुलाची सहल त्याच्या मापाने बेतायची असते. तीन प्राणी बघून हसत परतलेलं मूल पुन्हा यायला तयार होतं. तीस पिंजऱ्यांपुढून फरपटत नेलेलं मूल पुढच्या वेळी चप्पलच घालत नाही.

अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७०च्या दशकात संवेदनांच्या एकत्रीकरणाची कल्पना मांडली. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्याबरोबर तोल सांभाळणाऱ्या, हातपाय कुठे आहेत हे सांगणाऱ्या आणि भूक-तहान-लघवी कळवणाऱ्या अशाही संवेदना असतात. मेंदू हे सगळं एकत्र चाळतो आणि बिनकामाचं बाजूला टाकतो. काही मुलांत ही चाळण नीट चालत नाही. आपल्याला पंख्याचा आवाज दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो, त्यांना तो येतच राहतो. उलट काही मुलांना संवेदना कमी पोचते; ती सारखी उड्या मारतात, भिंतीला घासत चालतात. स्वमग्न मुलांत हे बरंच आढळतं, पण असं प्रत्येक मूल स्वमग्न असतंच असं नाही. तेव्हा शेजारणीने दिलेला शिक्का डोळे झाकून मारून घेऊ नये.

प्राणीसंग्रहालयात अडचण प्राण्यांची कमी आणि अचानकपणाची जास्त असते. मोर कधी ओरडेल, पाणघोड्याकडून वास कधी येईल, मागून कोण ढकलेल, काही सांगता येत नाही. म्हणून आधी गोष्ट सांगायची. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या सुमारास ‘सोशल स्टोरी’ची पद्धत रूढ केली: मुलाच्याच तोंडची, छोट्या वाक्यांची, चित्रांसकट. आपल्याकडे ती साधारण अशी होईल:

‘गुरुवारी मी आईबाबांबरोबर राणीच्या बागेत जाणार. आम्ही लोकलने जाऊ. गाडी भोंगा वाजवेल, तेव्हा मी कानावर हेडफोन लावीन. बागेत वाघाचं घर आहे. वाघ झोपलेला असू शकतो. वाघ दिसणारच नाही असंही होऊ शकतं. मग आम्ही पुढे जाऊ. मला नको वाटलं तर मी लाल कार्ड दाखवीन. आम्ही बाहेर बाकावर बसू. मग घरी येऊ.’

यातलं ‘असू शकतो’ फार कामाचं. वाघ दिसेलच असं कबूल केलं आणि तो आत पडून राहिला, की दोष वाघाचा नसतो, आपण दिलेल्या शब्दाचा असतो. ही गोष्ट आठवडाभर रोज रात्री वाचावी. मोबाइलवर बागेचे व्हिडिओही दाखवावेत, आधी आवाज बंद ठेवून, मग हळूहळू वाढवत.

गोष्टीच्या जोडीला तालीमही हवी. वासाच्या तालमीला आपल्या भागात तोटा नाही. गावात कुणाचा तरी गोठा असतोच. आज दारापर्यंत, परवा दोन पावलं आत, एवढंच. नाक दाबून ओढत नेलं तर तालीम तिथेच संपते. आवाजासाठी कर्जत स्टेशन आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून इंजिनं लागतात; ती जोडतानाचा खणखणाट, घोषणा, वडेवाल्यांच्या आरोळ्या, सगळं एका जागी. कुठेही जायचं नसताना मुलाला घेऊन फलाटाच्या टोकाच्या बाकावर जरा बसून यावं. फलाट तिकीट तेवढं काढावं. जरा मोठी तालीम हवी असेल तर पनवेलपुढचं कर्नाळा अभयारण्य बघावं. १९६८ पासूनचं हे पक्ष्यांचं रान आडवारी शांत असतं, फक्त महामार्ग अगदी लगत आहे, ट्रकचे हॉर्न गृहीत धरावेत.

प्रत्यक्ष दिवशी सकाळची ऐन गर्दी टाळून कर्जतहूनच सुटणारी लोकल धरावी, म्हणजे बसायला मिळतं. पाठीवरच्या पिशवीत ओळखीचा डबा, पाणी, टोपी आणि जुनं मऊ फडकं. थोडं वजन असलेली पिशवी काही मुलांना धीर देते, घट्ट मिठीसारखी. आवाज अडवणारे हेडफोन जरूर न्यावेत, पण दिवसभर कानांवर ठेवू नयेत. मोठ्या आवाजापुरतेच बरे.

बागेच्या तोंडाशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. मला विचाराल तर पहिला प्राणी हाच दाखवावा. तो हलत नाही, ओरडत नाही, त्याला वास नाही, आणि मूल त्याच्याकडे हवा तितका वेळ बघू शकतं. शिवाय तो आपल्या रायगडचाच, घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये सांधून उभे केले. ‘हत्ती पडला, मग जोडला’ ही हकिकत मुलांना हमखास आवडते.

बाग १८६२ची. जुन्या झाडांची सावली हे तिचं मोठं देणं. तळपत्या उन्हाचा त्रास होणाऱ्या मुलासाठी ती सावली पिंजऱ्यांपेक्षा मोलाची. खरी परीक्षा पेंग्विनच्या दालनात असते. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आलेले हे हम्बोल्ट पेंग्विन थंडगार बंदिस्त दालनात आहेत. बाहेरच्या घामट हवेतून एकदम गारठा, काच, आत घुमणारा पोरांचा कल्ला. रांग लांब असेल तर सरळ सोडून द्यावं. पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यातही डोक्यावरून पंख फडफडत जातात, हे आधी सांगून ठेवावं. परदेशात बऱ्याच प्राणीसंग्रहालयांत अशा मुलांसाठी हेडफोन आणि हातात खेळवायच्या वस्तूंची पिशवी मिळते, शांत खोली असते. आपल्याकडे ती पिशवी आईनेच भरायची.

एवढं करूनही मूल कोसळू शकतं. कान झाकून खाली बसतं, किंचाळतं, चावतं. बघणारे म्हणतात, ‘फार लाडावलंय.’ हट्ट आणि हे कोसळणं यांतला फरक ओळखणं अवघड नाही: हट्टी मूल आपल्याकडे कोण बघतंय ते बघतं आणि फुगा हातात आला की गप्प होतं, कोसळलेल्याला फुग्याचं काहीच वाटत नाही. त्या वेळी समजावू नये, शब्दही आवाजच असतात. गर्दीतून बाहेर काढावं, सावलीत बसवावं, चालत असेल तर घट्ट धरावं, नको असेल तर नुसतं शेजारी थांबावं. बरोबर मावशी-काका असतील तर त्यांना हे निघण्याआधीच सांगून ठेवावं. मुलापेक्षा त्यांचीच तालीम जास्त लागते, हे आपलं माझं मत.

त्रास रोजच्या जेवणखाण्यात, शाळेत आडवा येत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव मागावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीला येतात, त्यांनाही विचारता येतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. नुसती आवाजाची किंवा स्पर्शाची संवेदनशीलता त्यात मोडत नाही.

परतीची गाडी दुपारचीच ठरवावी. संध्याकाळी चाकरमान्यांनी भरलेल्या कर्जत लोकलमध्ये दिवसभराची कमाई एका तासात जाते. दिवाळीचा आठवडा आणि नाताळची सुट्टी टाळावी, शाळा सुरू झाल्यावर एक रजा टाकून गुरुवार-शुक्रवार धरावा. बुधवारी मात्र बाग बंद असते. आठवडाभर गोष्ट वाचून तयार केलेल्या पोराला बंद फाटकापुढे उभं करून काय सांगणार?