झोपेचा करार

२०१५ च्या डिसेंबरमध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहरात पाण्याच्या मीटरमध्ये बसवलेल्या एका छोट्या मॉड्यूलला मोबाइल नेटवर्कवरून संदेश पोचला. पाणीपुरवठा कंपनी अग्वास दे व्हॅलेन्सिया, नेटवर्क व्होडाफोनचं, यंत्रणा ह्वावेची आणि मॉड्यूल यू-ब्लॉक्स या स्विस कंपनीचं. मीटरसारखी यंत्रं मोबाइल नेटवर्कला जोडणाऱ्या ज्या एनबी-आयओटी तंत्राची ही चाचणी होती, त्याचं मानक तेव्हा पूर्णही झालेलं नव्हतं. ते २०१६ च्या जूनमध्ये झालं. २०१७ मध्ये चीनमधल्या शेन्झेन शहरात पाण्याचे मीटर याच तंत्राने प्रत्यक्ष कामाला लागले.

सुरुवात पाण्याच्या मीटरपासून व्हावी हे मला फार योग्य वाटतं. मोबाइल नेटवर्कवर जगणाऱ्या यंत्रांमध्ये सगळ्यात खडतर आयुष्य त्याचं. तो जमिनीखालच्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली असतो. पावसाळ्यात चेंबर पाण्याने भरतं. विजेची तार तिथवर जात नाही. विजेच्या स्मार्ट मीटरची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं, पण त्यांना बॅटरीची काळजी नाही, कारण जी वीज मोजायची ती हाताशीच आहे. पाण्याच्या मीटरजवळ मात्र फक्त सोबत आलेली बॅटरी असते. ती बदलायला माणूस पाठवायचा, झाकण उघडायचं, सील तोडायचं, पुन्हा बंद करायचं, हा खर्च बॅटरीच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून ही बॅटरी दहा वर्षं पुरली पाहिजे, असा हिशेब निघाला.

हा आकडा जाहिरातवाल्यांनी शोधलेला नाही. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने नव्या तंत्राचा अभ्यास करताना ध्येयच तसं लिहिलं: ५ वॅट-तासांच्या बॅटरीवर दहा वर्षं. ५ वॅट-तास म्हणजे आजच्या ५००० एमएएचच्या फोनमधल्या बॅटरीचा जेमतेम चौथा हिस्सा. ३.६ व्होल्टला ती सुमारे १३९० मिलिअँपिअर-तास भरते. दहा वर्षांत ८७,६०० तास असतात. भागाकार केला की सरासरी प्रवाह निघतो १६ मायक्रोअँपिअर. एवढ्यात झोपायचं, उठायचं, टॉवर शोधायचा, आकडा पाठवायचा आणि परत झोपायचं. पुढचा सगळा लेख या १६ मायक्रोअँपिअरच्या आत कसं राहायचं याबद्दल आहे.

आपला फोन खिशात नुसता पडून असला तरी वीज खातो. स्क्रीन बंद असते, पण रेडिओ पूर्ण बंद नसतो. आपल्याला कॉल आला तर कळावं म्हणून तो ठरावीक अंतराने, साधारण दर सव्वा सेकंदाने किंवा अडीच सेकंदांनी, टॉवरकडे कान देतो. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारा माणूस प्रत्येक घोषणा ऐकतो, ती दुसऱ्याच गाडीची निघते, तरी पुढची ऐकावीच लागते, तसं हे चालतं. या पद्धतीला डीआरएक्स म्हणतात. अशा ऐकण्यात सरासरी एक मिलिअँपिअर जात असेल असं धरलं, तर आपली ५ वॅट-तासांची बॅटरी ५८ दिवसांत रिकामी होते. त्या ५८ दिवसांत मीटरने एकही आकडा पाठवलेला नसला तरी.

मग मीटरमधला रेडिओ, म्हणजे मॉडेम, सरळ बंद का करू नये? करता येतो. पण चालू केल्यावर त्याला नेटवर्कमध्ये पहिल्यापासून नोंदणी करावी लागते: सिमची ओळख पटवणं, गुप्त किल्ल्यांची देवाणघेवाण, पत्ता मिळवणं. या प्रत्येक संदेशाला वीज लागते. थ्रीजीपीपीने मानकाच्या बाराव्या आवृत्तीत यावर पॉवर सेव्हिंग मोड, म्हणजे पीएसएम, हा तोडगा काढला. यात उपकरण नेटवर्कला सांगतं: मी आता अमुक काळ झोपणार आहे, तोवर मला शोधू नका, पण माझी नोंद पुसू नका. नेटवर्क ते मान्य करतं. उपकरणाचा रेडिओ जवळजवळ पूर्ण बंद होतो आणि प्रवाह काही मायक्रोअँपिअरवर येतो. नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ९१६० या चिपसाठी हा आकडा ३ मायक्रोअँपिअरच्याही आत आहे. उठल्यावर पुन्हा नोंदणीची गरज नाही.

हा करार दोन टायमरवर चालतो. पहिला टी३३२४: संदेश पाठवून झाल्यावर किती वेळ जागं राहून ऐकायचं. दुसरा टी३४१२: काहीही पाठवायचं नसलं तरी किती काळाने हजेरी लावायची. प्रत्येक टायमर आठ बिटांत लिहितात. पहिले तीन बिट एकक सांगतात, उरलेले पाच त्या एककाची संख्या. पाच बिटांत ३१ च्या पुढे मोजता येत नाही. दुसऱ्या टायमरचं सगळ्यात मोठं एकक ३२० तासांचं, त्यामुळे झोपेची कमाल मर्यादा ९,९२० तास, म्हणजे ४१३ दिवसांवर थोडी. पहिल्याचं मोठं एकक सहा मिनिटांचं, म्हणून त्याची मर्यादा १८६ मिनिटं. इथे एक खाचखळगा आहे. शून्य-एक-शून्य हे तीन बिट पहिल्या टायमरमध्ये सहा मिनिटं सांगतात आणि दुसऱ्यात दहा तास. दोन्हींसाठी एकच तक्ता वापरला, तर उपकरण भलतंच वागतं आणि दोष बॅटरीला दिला जातो.

हजेरीचा टायमर ठरवतानाही डोकं चालवावं लागतं. मीटर रोज एकदा आकडा पाठवणार असेल आणि हजेरीही नेमकी चोवीस तासांची ठेवली, तर दोन्ही कामं मागेपुढे होऊन एका दिवसात दोनदा उठण्याची वेळ येते. प्रत्यक्षात आकडा पाठवला की हजेरीचा टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून तो पाठवण्याच्या अंतरापेक्षा बराच लांब ठेवावा, म्हणजे वेगळी हजेरी लागतच नाही.

पीएसएमचा तोटा उघड आहे. झोपलेल्या मीटरला मध्येच हाक मारता येत नाही. नेटवर्क फार तर निरोप सांभाळून ठेवील आणि तो उठल्यावर देईल. पाण्याच्या आकड्याला हे चालतं. पण गॅसच्या वाहिनीवरची झडप बंद करणारा मीटर असेल, तर उद्या पहाटे मिळालेला आदेश काय कामाचा? अशा उपकरणांसाठी तेराव्या आवृत्तीत ईडीआरएक्स आलं. यात उपकरण कान देणं सोडत नाही, फक्त दोन वेळांमधलं अंतर खूप वाढवतं.

ते किती वाढवता येतं याचं गणित मला फार आवडतं. मोबाइल नेटवर्कचा काळ दहा मिलिसेकंदांच्या चौकटींत मोजला जातो आणि चौकटींचे क्रमांक १०२४ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे टॉवरचं घड्याळ दर १०.२४ सेकंदांनी फिरून शून्यावर येतं. त्याहून लांबच्या भेटीची वेळ ठरवायला भाषाच नव्हती. मग या फेऱ्यांनाही क्रमांक दिले गेले, तेही १०२४. दोन्हींचा गुणाकार १०,४८५.७६ सेकंद, म्हणजे दोन तास चोपन्न मिनिटं आणि शेहेचाळीस सेकंद. एनबी-आयओटीमध्ये ईडीआरएक्सची हीच कमाल मर्यादा आहे. एलटीई-एम या भावंड तंत्रात ती बरोबर याच्या पाव, सुमारे ४४ मिनिटं. ठरल्या क्षणी दोन्ही बाजूंनी हजर राहायचं असल्याने नेटवर्कमधली घड्याळंही जुळलेली असावी लागतात.

आता आपल्या १३९० मिलिअँपिअर-तासांकडे परत येऊ. झोपेतला प्रवाह ५ मायक्रोअँपिअर धरला तर दहा वर्षांत ४३८ खर्च होतात, जवळजवळ एक तृतीयांश. उरले साडेनऊशे. ते ३,६५० दिवसांवर वाटले की रोजच्या वाट्याला येतात ०.२६ मिलिअँपिअर-तास. समजा आकडा पाठवायला दहा सेकंद लागले आणि त्या काळात सरासरी ६० मिलिअँपिअर गेले. खर्च झाला ०.१७. छान बसलं. पण पाठवून झाल्यावर काय होतं? नेटवर्कला माहीत नसतं की या मीटरकडे आणखी काही सांगायचं नाही. ते जोडणी दहा-वीस सेकंद तशीच धरून ठेवतं. त्या वीस सेकंदांत सरासरी ३० मिलिअँपिअर धरले, तर आणखी ०.१७ गेले. एकूण ०.३४, म्हणजे रोजच्या वाट्याच्या वर. दहा वर्षांचं वचन या नुसत्या ताटकळण्यात मोडलं.

यावरचा उपाय मला या सगळ्या तंत्रातला सगळ्यात शहाणा वाटतो. उपकरण आकड्यासोबतच सांगतं की माझं बोलून झालं, उत्तराची अपेक्षा नाही, जोडणी सोडा. याला रिलीज असिस्टन्स इंडिकेशन म्हणतात. मीटरमधला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, लिहिणाऱ्याने हा इशारा वापरला आणि नेटवर्कने तो मानला, तर वीस सेकंदांचा खर्च जवळजवळ वाचतो.

सगळ्यात मोठा फटका मात्र कमकुवत सिग्नलचा. एनबी-आयओटीचा लौकिक असा की जीएसएमपेक्षा २० डेसिबल खोलवर ते पोचतं, तळघरातही. ही पोच फुकट येत नाही. संदेश अनेकदा पुन्हा पुन्हा पाठवून ती मिळते: उपकरणाकडून टॉवरकडे १२८ वेळांपर्यंत, टॉवरकडून उपकरणाकडे २०४८ वेळांपर्यंत. अशा खड्ड्यातल्या मीटरला एका आकड्यासाठी दीड मिनिट आणि सरासरी १५० मिलिअँपिअर लागले, तर पावणेचार मिलिअँपिअर-तास गेले. म्हणजे एका दिवसात चौदा दिवसांचा वाटा संपला. एकाच गल्लीतल्या दोन मीटरचं आयुष्य दहा वर्षं आणि दहा महिने असं वेगळं निघू शकतं ते यामुळे. त्यातही संदेश गेला नाही म्हणून फर्मवेअर लगेच पुन्हा प्रयत्न करत राहिलं, तर बॅटरीची वाट लागते. न जमल्यास थांबावं, दर वेळी जास्त थांबावं, हे त्याच्यात लिहिलेलं असलं पाहिजे. शहरातले सगळे मीटर रात्री बाराच्या ठोक्याला उठणं हाही तसाच अविचार. एकाच वेळी हजारो मीटर बोलू लागले की बऱ्याच जणांचे संदेश एकमेकांवर आदळतात आणि सगळ्यांचा खर्च वाढतो.

बॅटरीचाही स्वभाव समजून घ्यायला हवा. अशा मीटरमध्ये बहुधा लिथियम थायोनिल क्लोराइडची बॅटरी असते. तिची आपोआप होणारी घट वर्षाला साधारण एक टक्का, म्हणूनच तिची निवड होते. ही घट कमी असण्याचं कारण लिथियमवर बसणारा लिथियम क्लोराइडचा पातळ पापुद्र्यासारखा थर. पण मीटर जितका जास्त झोपेल तितका हा थर जाड होतो आणि उठल्याबरोबर मॉडेमने जोराचा प्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. मॉडेमला वाटतं बॅटरी संपली. म्हणून बॅटरीला समांतर एक कॅपॅसिटर जोडतात, तो ही अचानकची मागणी भागवतो. दोन रुपये वाचवायला तो काढून टाकला, की भरलेली बॅटरी मृत म्हणून फेकली जाते.

आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याच्या योजनेत आणि पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेत दुरून वाचता येणारे एएमआर मीटर बसवले. अशा मीटरसाठी साधारणपणे माणूस उपकरण घेऊन जवळून जातो. त्याच्या पुढची पायरी थेट मोबाइल टॉवरशी बोलण्याची. यंत्रांच्या सिमसाठी भारताने २०१८ पासून तेरा अंकी क्रमांक ठेवले, बीएसएनएल आणि स्कायलो यांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये उपग्रहावरून एनबी-आयओटी सेवाही जाहीर केली. मार्ग खुले होत आहेत, आणि म्हणूनच खरेदी करणाऱ्यांनी आता सावध असायला हवं.

मीटर ४८ तासांची झोप मागतो आणि नेटवर्क त्याला तीनच तास देतं, असं होऊ शकतं. पीएसएम न मानणारं नेटवर्कही असतं, आणि तिथे माहितीपत्रकातले मायक्रोअँपिअर काहीच उपयोगाचे नाहीत. नेटवर्कही दहा वर्षं टिकेलच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्राने २०१६ च्या अखेरीस टू-जी बंद केलं. जपानच्या डोकोमोने २०१९ मध्ये सुरू केलेली एनबी-आयओटी सेवा २०२० च्या मार्चमध्ये गुंडाळली. त्या सेवेच्या भरवशावर घेतलेल्या यंत्राची बॅटरी भरलेली असली तरी त्याला बोलायला कुणी उरलं नाही.

नगरपालिकेतल्या अभियंत्यांना, निविदा वाचणाऱ्या नगरसेवकांना आणि मीटर बसवणाऱ्या सोसायट्यांच्या समित्यांना माझी विनंती आहे. ‘बॅटरी आयुष्य दहा वर्षं’ या ओळीवर सही करू नका. हा आकडा दिवसाला किती संदेश आणि किती सिग्नल धरून काढला ते विचारा. आपल्याच शहरातल्या, आपल्याच खड्ड्यात बसवलेल्या मीटरला आपल्या कंपनीच्या नेटवर्कने प्रत्यक्षात दिलेल्या दोन्ही टायमरचे आकडे आणि महिनाभराचा मोजलेला प्रवाह मागा. सेवा किती वर्षं चालू राहील हे मोबाइल कंपनीकडून लेखी घ्या, आणि ते मिळाल्यावरच पहिला मीटर खड्ड्यात उतरवा.