अर्धी तिजोरी एकाच गड्यावर उधळली आणि संघ तळाला गेला; प्रो कबड्डीतलं ५ कोटींचं गणित नेमकं चालतं कसं?

९ ऑक्टोबर २०२३. मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू होता. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई बोलीला आला आणि पुणेरी पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना उचललं. तोवर लीगमध्ये एवढी बोली कुणावर लागली नव्हती. पण हा विक्रम काही वेळच टिकला. त्याच दिवशी पवन सेहरावतचं नाव पुकारलं गेलं आणि तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजारांवर हातोडा पाडून घेतला.

हंगाम संपला तेव्हा पुणेरी पलटण चॅम्पियन होती. टायटन्स बाराव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर. २२ सामन्यांत विजय फक्त २.

आता तुम्ही म्हणाल, पवन खेळलाच नसेल. तर तसंही नाही. गड्यानं त्या हंगामात चढाईत दोनशेहून जास्त गुण काढले. मग गाडी अडली कुठं?

सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या आष्ट्यात किंवा वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात हा प्रश्न टाकून बघा, चर्चा रंगणार. कारण या पट्ट्यात कबड्डी फक्त टीव्हीवर बघायचा खेळ नाही. याच तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्या हंगामापासून दबंग दिल्लीकडून चढाया करायचा. २०१४ च्या एशियाडमध्ये सोनं जिंकणाऱ्या भारतीय संघातला नितीन मदनेही सांगली जिल्ह्यातलाच. २०१७ ला हे दोघंही यू मुम्बाच्या ताफ्यात आले. काशिलिंगसाठी मुंबईनं ४८ लाख मोजले होते.

त्यामुळं इथल्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला पडणारा प्रश्न जरा वेगळा असतो. एका गड्यावर अडीच कोटी उडवणारा संघ आपल्यासारख्या नवख्याला किती देणार, आणि का देणार?

याचं उत्तर एका आकड्यात दडलंय. तो आकडा म्हणजे ५ कोटी.

पिशवी सगळ्यांची सारखीच

प्रो कबड्डीत संघाचा मालक कितीही गडगंज असला तरी खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा हे लीग ठरवते. याला म्हणतात सॅलरी पर्स. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा ही पर्स ६० लाखांची होती. आख्ख्या संघाला ६० लाख! त्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. पुढं पर्स वाढत गेली. २०१७ आणि २०१८ ला ४ कोटी, २०१९ ला ४ कोटी ४० लाख आणि २०२३ पासून ५ कोटी.

एवढ्या पैशात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ गडी बसवायचे.

आता टायटन्सचं गणित मांडू. ५ कोटींतले २ कोटी ६० लाख ५० हजार पवनला गेले, म्हणजे ५२ टक्के. उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार. यात किमान १७ गडी घ्यायचे, म्हणजे डोई साधारण १४ लाख. लिलावात खेळाडूंचे चार गट असतात. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २० लाख, क गटाची १३ लाख आणि ड गटाची ९ लाख. थोडक्यात, पवनला घेतल्यावर उरलेला आख्खा संघ सरासरी क गटाच्या मूळ किमतीत बसवायची वेळ आली.

हे किती टोकाचं आहे हे आयपीएलशी ताडून बघा. २०२५ च्या मोठ्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली तेव्हा देशभर बोंब झाली. पण तिथं पर्स होती १२० कोटींची. म्हणजे पंतचा वाटा साडेबावीस टक्के. पवनच्या हिशोबानं पंतला ६२ कोटींच्या वर द्यावे लागले असते.

आणि कबड्डीत मॅटवर असतात सात जण. चढाईला एकटा जातो हे खरं, पण समोरचा चढाईपटू आला की कोपऱ्यातल्या दोघांनी पाय धरायचा आणि मधल्यांनी झडप घालायची असते. चढाईत दहा गुण आणायचे आणि पकडीत पंधरा द्यायचे, मग कसला विजय? शिवाय पवन बाद होऊन बाकावर बसला की त्याला जिवंत करायला दुसऱ्या कुणीतरी गुण आणावा लागतो. तो दुसरा कुणीतरी कच्चा असला की अडीच कोटींचा गडी टाळ्या वाजवत बसून राहतो.

मग पुण्याचं कसं जमलं?

खरी मेख इथं आहे. पुण्यानंही शादलुईवर पर्सचा ४७ टक्के हिस्सा खर्च केला होता. टायटन्सपेक्षा फार काही कमी नाही. तरी पलटण साखळीत पहिली आली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पहिल्यांदा चषक घेऊन आली.

फरक लिलावाच्या दिवशी पडला नव्हता. तो दोन वर्षं आधीच पडला होता.

लीगमध्ये एक सोय आहे. नवख्या, तरुण खेळाडूंना संघ लिलावाबाहेर थेट करारबद्ध करू शकतात. इंग्रजीत याला न्यू यंग प्लेअर म्हणतात, बोलताना नुसतं एनवायपी. चाचण्या घ्यायच्या, पोरं निवडायची, ठरलेल्या मानधनात संघात घ्यायची. पोरगं चमकलं तरी पुढचे काही हंगाम संघ त्याला स्वतःकडं ठेवू शकतो. बोली नाही, हातोडा नाही.

अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघं पुण्याकडं आठव्या हंगामात असेच आले. अस्लम अहमदनगर जिल्ह्यातला, आताच्या अहिल्यानगरचा. पंकज मोहिते, आकाश शिंदे ही महाराष्ट्राची पोरंही पलटणीच्या हाताखालीच मोठी झाली. नव्या पोरांसाठी क्लबनं युवा पलटण नावाची वेगळी फळीच उभी केली. दहावा हंगाम आला तोवर या पोरांच्या खेळाची किंमत बाजारात कुठल्या कुठं गेली होती, पण संघाच्या खात्यात ती जुन्याच भावात मांडलेली होती. त्यातून जे वाचलं ते शादलुईवर गेलं. अस्लम त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, शादलुई सर्वोत्तम बचावपटू.

सरळ बोलायचं तर शादलुईच्या २ कोटी ३५ लाखांतला एक वाटा या पोरांनी कमी पैशात खेळून भरला होता. संघाच्या बाजूनं बघितलं तर याला हुशारी म्हणतात. पोरांच्या बाजूनं बघितलं तर दुसराही शब्द सुचू शकतो.

ठेवू की सोडू?

हंगाम संपला की प्रत्येक संघापुढं हा सवाल असतो. कुणाला कायम ठेवायचं? ज्याला ठेवलं त्याचा पगार पर्समधून वजा. ज्याला सोडलं तो लिलावात. सोडलेल्याला परत आणायची एक फट मात्र आहे, फायनल बिड मॅच, म्हणजे एफबीएम कार्ड. दुसऱ्या कुणी शेवटची बोली लावली की जुना संघ कार्ड दाखवून म्हणतो, तेवढेच पैसे आम्ही देतो, गडी आमचा. पण कार्डं मोजकी असतात आणि पैसे तर तेवढेच मोजावे लागतात.

या सवालाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. २०१८ ला यू मुम्बानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पोरानं पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण कुटले. लोक बाहुबली म्हणायला लागले. वर्षभरात तो लिलावात आला तेव्हा तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख दिले. जवळपास चौपट. मुंबईनं त्या भावात त्याला परत घेतलं नाही.

तेव्हा मुंबईचे चाहते चिडले तर नवल नव्हतं. पण पर्स होती ४ कोटी ४० लाख. सिद्धार्थला ठेवायचं म्हणजे तिजोरीतला तिसरा हिस्सा एकावर घालायचा, आणि संघात फझल अत्राचलीसारखा आदल्या वर्षी १ कोटीला घेतलेला कप्तान आधीच होता. मुंबईनं बचाव धरून ठेवला आणि चढाई अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल या तरुणांवर सोडली. सातव्या हंगामात मुंबई उपांत्य फेरीत गेली. सिद्धार्थनं तिकडं पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले, तरी टायटन्स अकराव्या.

पुढच्या लिलावात टायटन्सनं कार्ड वापरून त्याला १ कोटी ३० लाखांना परत घेतलं. यावेळी तो तीनच सामने खेळून दुखापतीनं बाहेर पडला आणि टायटन्सला हंगामभरात एकच सामना जिंकता आला. २०२२ ला त्याचा भाव बराच खाली आला. २०२३ ला हरियाणानं पुन्हा १ कोटी दिले. गडी तोच, भावाचा पाळणा मात्र सारखा खालीवर.

दुखापतीचं म्हणाल तर पवनचं उदाहरण आणखी जबर आहे. २०२२ ला तमिळ थलायवाजनं त्याला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं, तेव्हाच्या पर्सच्या निम्म्याहून जास्त. पहिल्याच सामन्यात, काही मिनिटांत गुडघा गेला आणि हंगाम खल्लास. तरीही थलायवाज पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले. कुणाच्या जिवावर? नरेंद्र होशियार नावाच्या नवख्या पोराच्या. तो एनवायपी म्हणून आला होता आणि त्यानं चढाईचे २४३ गुण काढले.

अमेरिकेतल्या एनएफएल फुटबॉलमध्येही १९९४ पासून अशीच मर्यादा आहे. २०२५ ला ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. तिथले संघ एक पळवाट काढतात. करारातला बोनस आज देतात आणि हिशोबात तो पुढच्या चार-पाच वर्षांवर पसरवतात. आजचा खड्डा उद्यावर ढकलायचा. प्रो कबड्डीत बोली लागली की ती रक्कम त्या हंगामाच्या पर्समधून गेलीच. चूक झाली की ती त्याच वर्षी, गुणतालिकेत सगळ्यांना दिसते.

शादलुई फिरतो, संघ बदलतात

चषक जिंकूनही पुण्यानं शादलुईला सोडलं. पोरांची फळी राखली. २०२४ ला त्याला हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि त्या वर्षी चषक हरियाणाला गेला, तोही पुण्याच्याच बालेवाडीत. शादलुई हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. पण हरियाणाकडंही आधीपासून बांधलेला ताफा होता. जयदीप, राहुल, विनय आणि आपल्याकडचा शिवम पटारे.

२०२५ ला गुजरात जायंट्सनं त्याच शादलुईसाठी २ कोटी २३ लाख दिले. गुजरातला प्ले-ऑफसुद्धा गाठता आलं नाही.

म्हणजे महागडा गडी घेणं चूक, असा सरसकट निष्कर्ष निघत नाही. तयार घरावर कळस चढवला तर तो दिसतो. भिंतीच नसतील तर कळस ठेवणार कशावर?

पुण्याला शादलुईला सोडण्याचा फटका बसला हेही खरं. २०२४ ला अस्लम हंगामाच्या मध्यात दुखापतीनं बाहेर गेला आणि गतविजेते प्ले-ऑफआधीच घरी परतले. व्यवस्थापनाला शिव्या पडल्या. पण घडवलेली फळी मोडली नाही. २०२५ ला सचिन तंवरला १ कोटीच्या थोडं वर देऊन घेतलं, अस्लम परत आला, अजय ठाकूरच्या हाताखाली पलटण पुन्हा अव्वल आली. ३१ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हार झाली. तीनच गुणांनी.

आष्ट्याच्या पोरानं काय बघायचं?

टीव्हीवर लिलाव दिसतो, कोटींची पाटी दिसते. पण गावाकडच्या पोराची पहिली गाठ हातोड्याशी पडत नाही. ती चाचणीशी आणि नवख्याच्या कराराशी पडते. त्याचं मानधन संघाला स्वस्त पडतं, म्हणूनच संघाला तो हवा असतो. आठ-दहा मोठी नावं पर्स खाऊन टाकतात, तेव्हा उरलेल्या जागा भरायला संघांना अशीच पोरं लागतात. मोठ्या बोल्या नवख्यांचा घास हिरावतात असं वरवर वाटतं. जागांच्या बाबतीत तरी ते उलट आहे. पैशाच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा आहे, कारण पोराची सगळ्यात ताजी वर्षं बाजारभावाच्या खाली जातात आणि भाव मिळायच्या आत गुडघा किंवा खांदा गेला तर भरपाईला कुणी कार्ड दाखवत नाही. म्हणूनच घरचे अजूनही जिल्हा, राज्य स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची फाईल जपतात आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाकडं डोळे लावून बसतात.

करार हातात आला तर त्यात रकमेच्या आधी एक ओळ शोधायची, संघ आपल्याला किती हंगाम स्वतःकडं ठेवू शकतो ती. आणि दरवर्षी लिलावाच्या आधी संघ कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतात, तिच्यावर मीम्स बनत नाहीत, पण कुठल्या संघात डावा कोपरा रिकामा आहे आणि कुणाकडं चौथा चढाईपटू नाही, हे त्याच यादीत कळतं.