पुढे धावणारं, मागे बघणारं
(बाळाचं पहिलं वर्ष : लेखांक ९)

गेल्या आठवड्यात आपण बसत्या झालेल्या बाळाबद्दल बोललो. बसता आलं की हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातांना लगेच पलीकडची वस्तू हवी होते. मग सरपटणं, रांगणं, धरून उभं राहणं, हात सोडणं आणि एक दिवस दुडूदुडू चालणं. ठेवलं तिथेच सापडणारं बाळ आता पलंगाखाली सापडतं. हे महिने चवीने जगावेत असे असतात. पण नेमके याच वेळी घरोघरी तारखा मोजल्या जातात : ‘शेजारचा दहाव्यात चालला, आमची अजून रांगतेच आहे.’

ही काळजी निवळावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मी प्रत्येक नव्या आईला सांगते. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी बाळांच्या नोंदी ठेवून ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. दोन निरोगी बाळांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं! शंभरातली चारेक बाळं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

चालायला शिकणारं बाळ किती पडतं? न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या बाळांना मनमुराद खेळू दिलं आणि मोजलं. २०१२ मध्ये त्यांनी मांडलेली सरासरी अशी : तासाला २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. इतकं पडूनही बाळ सराईत रांगणं का सोडतं? कारण चालताना ते जास्त लांब, जास्त वेगाने जातं, आणि तेवढ्या अंतराच्या हिशेबात पडण्याचं प्रमाण रांगण्यापेक्षा वाढत नाही. सौदा फायद्याचा आहे, आणि तो बाळाने स्वतःच ठरवलेला आहे. म्हणून प्रत्येक धपकन बसण्याला ‘अगं बाई, पडलं!’ म्हणून धावू नये.

कारण पडल्यावर बाळ आधी आपलं तोंड बघतं. १९८५ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर सोडलं. मध्यावर काचेखाली फूटभर खोली दिसेल अशी रचना होती आणि पलीकडे आई. आई हसरी असताना १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. आपला चेहरा बाळाच्या किती कामाचा असतो! हा चेहरा खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवायला हवा : उघडा जिना, भरलेली बादली, गॅसवरचं भांडं.

इथे वॉकरबद्दल स्पष्ट बोलते. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. जवळ मोठं माणूस असेल तर त्याची मजा जरूर घेऊ द्यावी. चाकांच्या वॉकरमध्ये मात्र बाळ मधे बसून वेगाने सरकतं, क्षणात जिन्यापाशी पोहोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. भेट म्हणून आला तरी वापरू नका.

याच दिवसांत अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. मऊ भाताची शितं एकेक उचलून तोंडात जातात. थोडी केसांतही जातात. सांडू द्या.

आणि हेच स्वतंत्र बाळ आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी आकांत करतं. आजी म्हणते, ‘अंगाची सवय लावलीस.’ तसं नाही. मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडात कंपालाजवळच्या गावांत बाळं घरी जाऊन पाहिली. ती आईपासून दूर रांगत जायची, काहीतरी हाताळायची, परत येऊन तिला बिलगायची आणि पुन्हा निघायची. परतायची जागा पक्की असली की बाळ बिनधास्त दूर जातं. त्यामुळे कामावर निघताना डोळा चुकवून सटकू नका. ‘येते हं’ म्हणून, टाटा करून निघा. रडलं तरी सांगूनच निघा.