नवी बांधकामं थंडावली की जुना फ्लॅट विकणाऱ्याची चांदी होते का?

माल कमी, तर भाव जास्त. कांद्याचं हे गणित आपण घरांनाही लावतो. आजूबाजूला नव्या इमारती उभ्या राहत नसतील, तर आपल्या जुन्या फ्लॅटला चांगली किंमत यायला हवी, असं विकणाऱ्याला वाटतं. पण महाराष्ट्रातला गेल्या दहा वर्षांतला अनुभव वेगळं सांगतो.

बांधकामं का थांबली, हे आधी पाहायला हवं. जमीन किंवा परवानग्या मिळत नाहीत म्हणून थांबली असतील, तर गिऱ्हाईक जुन्या घरांकडे वळतं. पैसाच आटला म्हणून थांबली असतील, तर तोच दुष्काळ विकणाऱ्याच्या दारातही येतो.

२०१६ नंतर दुसरा प्रकार घडला. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. मे २०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरांवर बंधनकारक झालं. ग्राहकासाठी हे चांगलंच होतं, पण एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्यात फिरवणाऱ्यांची कोंडी झाली. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांनी हात आखडता घेतला.

मग जुन्या फ्लॅटवाल्यांना फायदा झाला का? एक मुद्दा त्यांच्या बाजूचा होता. बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, रीसेलवर लागत नाही. एप्रिल २०१९ पासून हा दर साधारण ५ टक्के आहे आणि परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्का. म्हणजे ६० लाखांच्या नव्या फ्लॅटवर ३ लाख जास्तीचे.

पण बिल्डरकडे न विकलेली घरं पडून होती आणि ती विकायला त्याच्याकडे सवलती होत्या. मॉड्युलर किचन, फ्लोअर राइज माफ, आता २० टक्के द्या आणि बाकीचे ताबा घेताना. सोसायटीतल्या काकांना यातलं काय देता येणार? त्यांच्याकडे फार तर किंमत कमी करण्याचा पर्याय असतो.

२०२१ चा किस्सा तर बोलका आहे. कोरोनाकाळात राज्य सरकारने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क कमी केलं. मुंबईत ते ५ वरून २ टक्क्यांवर आलं. ही सवलत नव्या-जुन्या दोन्ही घरांना होती. पण जानेवारी २०२१ मध्ये सरकारने बिल्डरांना बांधकाम प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली, ती वर्षअखेरपर्यंत होती. अट अशी की, सूट घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. एप्रिलमध्ये सर्वांसाठीची सवलत संपली. त्यानंतर अशा नव्या प्रकल्पात ग्राहकाला शुल्क शून्य आणि शेजारच्या रीसेल फ्लॅटवर पूर्ण. मंदीवरचा उपाय विकणाऱ्या सामान्य माणसाच्या मुळावर आला, तो असा. याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

हा फरक मोठा का? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ६० लाखांच्या घरासाठी १२ लाख आणि वर शुल्क, हे सगळं ग्राहकाने खिशातून घालायचं. नेमकी इथेच बोलणी फिसकटतात.

आणखी एक अडचण विकून झाल्यावरची. वन बीएचके विकणारे बरेच जण टू बीएचके घेण्यासाठी विकतात. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर तयार घर विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षांनंतरपर्यंत घ्यावं लागतं, बांधायचं असेल तर ३ वर्षांत. आता समजा, पैसे अर्धवट प्रकल्पात गुंतवले आणि काम थांबलं. राहतं घर गेलेलं, नव्याचा ताबा नाही, भाडं सुरू, गृहकर्जाचा हप्ता सुरू आणि वर करसवलतीचा वाद उभा राहण्याची शक्यता. ताबा लांबला तर रेरा कायद्यानुसार व्याजासह पैसे परत मागता येतात, पण आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यात बरंच अंतर असतं.

म्हणून विक्रीचा करार करण्याआधी पुढच्या घराची चौकशी करा. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख दिसते आणि ती किती वेळा पुढे ढकलली, तेही कळतं. दोनदा ढकललेली असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर शोधलेलं बरं. त्यावर जीएसटीही लागत नाही.