हेमंतचर्या आणि वनप्रदेशातील घर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात हेमंतचर्येचा उपदेश आहे. अभ्यंग, मस्तकावर तैल, आतपसेवन, जेंताक स्वेद, उबदार गर्भगृह, जाड प्रावरणे, नवान्न आणि उष्णोदक ही तिची प्रमुख अंगे होत. हे वर्णन हिमालयाच्या पायथ्याच्या कडाक्याच्या थंडीला शोभावे असे आहे. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तर उन्हाळ्यासाठीच प्रसिद्ध. तथापि मार्गशीर्ष-पौषात जंगलालगतच्या गावांतून काही रात्री तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते आणि कुडाच्या भिंतींतून, कवेलूंच्या फटींतून वारा घरात शिरतो.

येथील घरे आपल्या परीने हेमंतचर्या पाळतातच. धानाची मळणी आटोपली की तणस अंथरुणाखाली जाते. नव्या तांदळाचा भात आणि जवसाची चटणी पानात येते. सकाळी अंगणात ऊन खात मुलांना तेल चोळले जाते, सायंकाळी शेकोटी पेटते. या व्यवस्थेत वैद्याने भर घालावी असे थोडेच उरते. एका बाबतीत मात्र आपण अधिक सावध असले पाहिजे. ती बाब म्हणजे सिकलसेल.

काही वर्षांपूर्वी पौषात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले होते. सांधे दुखत होते, हातपाय आखडले होते, किंचित ज्वर होता. ‘थंडी लागली’ असे आई सांगत होती. मी आमवाताचे निदान केले आणि चक्रदत्ताच्या क्रमानुसार लंघन व वालुकास्वेद सांगितला. तिसऱ्या दिवशी मूल वेदनेने तळमळत परत आले. डोळे पिवळे, ओठ कोरडे. रुग्णालयात शिरेतून द्रव दिल्यावर त्याला उतार पडला. सिकलसेलची तपासणी तेव्हाच झाली. तो रुग्ण निघाला. चूक शास्त्राची नव्हती, माझ्या निदानाची होती.

या व्याधीत ऑक्सिजन वा शरीरातील पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि हिवाळ्यात तहान मंदावल्याने पाणी कमी प्यायले जाते. म्हणूनच या ऋतूत वेदनांचे झटके उद्भवण्याचा धोका अधिक. अशा रुग्णाला उपवास घडवून रूक्ष स्वेद देणे म्हणजे व्याधीला हातभार लावणे होय. वस्तुतः चरकाचार्यांनीच हेमंतात अल्पाहार वर्ज्य सांगितला आहे. प्रबळ झालेल्या अग्नीला इंधन न मिळाल्यास तो देहातील रसाचाच नाश करतो, हे त्यामागील कारण.

सिकलसेल असलेल्या मुलाच्या घरी हिवाळ्यात पुढील गोष्टी सांगाव्यात. दिवसभर कोमट पाणी घोट-घोट पाजावे, शाळेत जाताना बाटली बरोबर द्यावी. स्नान उन्हे वर आल्यावर, गरम पाण्याने व आडोशाला घालावे आणि अंग लगेच कोरडे करावे. नदीचे थंड स्नान टाळावे. महाशिवरात्रीला मार्कंडा येथे वैनगंगेवर जाणाऱ्या कुटुंबांना हे आवर्जून सांगावे. अभ्यंग हलक्या हाताने करावा, सुजलेला वा ठणकणारा अवयव चोळू नये. शेकोटी घराबाहेरच असावी. बंद खोलीतील निखाऱ्यांचा धूर व विषारी वायू सर्वांनाच घातक, या मुलांना तर अधिकच. चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया परस्पर बंद करू नये. तीव्र ज्वर, श्वासाचा त्रास, छातीत वेदना, वाढता फिकटपणा किंवा पोटात डाव्या बाजूला अचानक फुगवटा दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकाच्या हातापायांवर वेदनायुक्त सूज आली, तर तीही सिकलसेलची पहिली खूण असू शकते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट त्याने ठेवले आहे. त्यात आपला वाटा साधा आहे. सांधेदुखीचे मूल समोर आले की आमवात म्हणण्यापूर्वी विद्राव्यता चाचणी करून घ्यावी आणि ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करावी. वाहक व रुग्ण यांतील भेद त्यातूनच कळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते, हेही कुटुंबाला शांतपणे समजावून सांगावे.

ते मूल आता महाविद्यालयात जाते. थंडी सुरू झाली की त्याची आई न विसरता पाण्याची बाटली भरून देते. त्या घरची हेमंतचर्या आता पूर्ण झाली आहे.