तिशीतील आई

१९८९ साली ‘मैंने प्यार किया’मध्ये रीमा लागू सलमान खानच्या आई झाल्या, तेव्हा त्या त्याच्याहून अवघ्या सात वर्षांनी मोठ्या होत्या, १९९९ च्या ‘वास्तव’मधील संजय दत्त तर सुमारे वर्षभरानेच लहान! हा न्याय म्हणावयाचा काय? आरवलीच्या जयवंत दळवींचे ‘पुरुष’ ज्यांनी रंगभूमीवर पाहिले, त्यांना या अभिनेत्रीचा आवाका ठाऊक होता. चित्रपटाने तो फारसा मागितलाच नाही. मागितला तो छोट्या पडद्याने. १९९४ पासूनच्या ‘तू तू मैं मैं’मधील खाष्ट सासू खारेपाटणच्या एखाद्या माजघरातही सापडावी अशी होती, विनोदासाठी (हे विशेष) तिला केविलवाणे व्हावे लागले नाही. मे २०१७ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशीही त्या ‘नामकरण’ मालिकेच्या चित्रीकरणात होत्या.