गुन्ह्यांचे नकाशे आणि गृहस्थ

आळींत एक चोरी झाली, तर ती वार्ता चौथ्या बिऱ्हाडीं पोंचेपर्यंत तिच्या चार चोऱ्या होतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. खरी नोंद पोलीसचौकींत पडून राहते आणि गांवांत अफवा हिंडते. ती नोंदच रहिवाशांपुढें मांडण्याचे प्रयोग परदेशांत झाले आहेत. त्यांची हकीगत गृहस्थांनीं व गृहिणींनीं जाणून घेण्यासारखी आहे.

गुन्ह्यांचा नकाशा ही कल्पना जुनीच. १८२९ सालीं फ्रान्समध्यें गेरी व बाल्बी यांनीं शिक्षण आणि गुन्हे यांचे प्रांतवार नकाशे शेजारीं शेजारीं छापले. शिक्षण वाढलें कीं गुन्हे घटतात, या समजुतीस त्यांनीं दुजोरा दिला नाहीं. जन्मभर शिक्षकाचा धंदा केलेल्या आम्हांस हें वाचून वाईट वाटलें, हें सांगावयास नकोच!

२००५ सालीं शिकागो येथें एड्रियन होलोव्हाटी या तरुण पत्रकारानें पोलिसांची माहिती गूगलच्या नकाशावर बसवून एक संकेतस्थळ उघडलें. आपला रस्ता निवडावा, कीं तेथील गुन्हे डोळ्यांपुढें यावेत. पुढें त्या नगरीनें २००१ पासूनची नोंद स्वतःच सर्वांस खुली केली. मात्र घराच्या क्रमांकांतील शेवटचे दोन अंक झांकून. इंग्लंड व वेल्स येथें २०११ च्या आरंभीं असाच सरकारी नकाशा निघाला, तेव्हां पाहणारांची इतकी झुंबड उडाली कीं पहिल्याच दिवशीं तो कोलमडला. तेथेंही गुन्हा नेमक्या घरावर न दाखवितां जवळच्या एखाद्या ठरीव बिंदूवर दाखवितात. ज्याच्या घरीं घाला पडला, त्याच्या दारावर पाटी लागूं नये, हा त्यांतील हेतु.

परंतु यंत्राच्या हातूनही अन्याय घडतो. लॉस एंजेलिसच्या पोलीसनकाशांत, ज्या पत्त्यांचा यंत्रास उलगडा होत नसे ते सारे गुन्हे नगरभवनाजवळच्या एकाच जागीं जाऊन पडत. २००९ सालीं तेथील एका वृत्तपत्रानें हें उघडकीस आणलें. तोंवर ती जागा विनाकारण बदनाम झाली होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं प्रथम खबरीची प्रत साधारणतः चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. लैंगिक अत्याचारासारखीं नाजूक प्रकरणें त्यांतून वगळलीं. हें योग्यच झालें. पण सुट्या खबरी वाचून आपल्या पेठेचें एकंदर चित्र कळत नाहीं; त्यास नकाशाच हवा.

मात्र नकाशांत दिसते ती तक्रार, सारा गुन्हा नव्हे. लौकिकाच्या भीतीनें किंवा घराची किंमत उतरेल म्हणून जी आळी गप्प बसते, ती नकाशावर निर्मळ दिसेल. जी धीटपणें चौकीवर जाते, ती काळी दिसेल. म्हणून नवें बिऱ्हाड पाहतांना केवळ ठिपके मोजूं नयेत. गुन्हा कोणता, कोणत्या महिन्यांत, वारंवार कीं एकदांच, हें पाहावें. आणि आपल्याच घरीं कांहीं घडलें तर तें झांकूं नये. आपण न केलेल्या तक्रारीची किंमत पुष्कळदां शेजारच्या बिऱ्हाडास मोजावी लागते.